ठासणीच्या बंदुकीची दारू, छर्रे व केप पेरणीपूर्वी जिल्ह्यातच मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी,
धाराशिव.

विषय : शेतीसंरक्षण शस्त्रपरवानाधारकांना दारूगोळ्याचा वेळेवर पुरवठा होण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे बेंबळी व परिसरातील परवानाधारक शेतकरी आपणांस विनंतीपूर्वक निवेदन करतो की, सोयाबीन शेंगा धरू लागले की रानडुकरांचे कळप रातोरात शिवारात उतरतात. खातात त्यापेक्षा तुडवतात जास्त. पुढे हीच गत ज्वारीची आणि हरभऱ्याची होते. रात्रभर जागल करूनही पीक हाती लागत नाही.

शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. पण या बंदुकीला तयार काडतूस लागत नाही; दारू, छर्रे आणि केप वेगवेगळे घ्यावे लागतात. यातले एक जरी नसले तरी बंदूक खुंटीलाच राहते. पावसाळ्यात दारू दमट होते, मग ऐन वेळी बार उडत नाही. म्हणून जुना साठा पुरवून वापरणे धोक्याचे आहे आणि नवा माल हंगामाच्या तोंडावरच मिळायला हवा. तेव्हा मृगापूर्वी जिल्ह्यातील अधिकृत विक्रेत्याकडे हा माल उपलब्ध राहील अशी व्यवस्था करावी, ही आमची मुख्य मागणी आहे.

परवान्यावर एका वेळी जवळ बाळगण्याचे व वर्षभरात खरेदीचे प्रमाण लिहिलेले असते. ते ठरवताना जमिनीचे क्षेत्र व दुबार पिके विचारात घ्यावीत. खरेदी-वापराची नोंद दाखवण्यास आणि साठ्याच्या तपासणीस आमची पूर्ण तयारी आहे. विनापरवाना दारू विकणाऱ्यांवर कडक कारवाई व्हावी, असेच आमचेही म्हणणे आहे.

निवडणूक काळात शस्त्रे जमा करून घेतली जातात. 2024 ची विधानसभा निवडणूक 20 नोव्हेंबरला, म्हणजे रब्बीच्या ऐन दिवसांत झाली. अशा वेळी शस्त्रे जमा करण्याबाबतच्या छाननी समितीने शेतीसंरक्षणाच्या परवान्यांचा एकेक करून विचार करावा, सरसकट जमा करू नयेत.

आम्हाला शिकारीचा शौक नाही. काळवीट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मधील प्राणी आहे, त्याला कोणी हात लावणार नाही. बहुतेक वेळा हवेतला एक बार कळप पांगवायला पुरतो. त्याच अधिनियमाच्या कलम 11 नुसार रानडुकरे मारण्यासाठी लेखी परवानगीची गरज पडल्यास वन विभागाकडून त्यावर तातडीने निर्णय मिळावा. कायदेशीर साधन हाती नसले की कुंपणात वीजप्रवाह सोडण्याचे प्रकार घडतात. राज्यात अशा तारांनी शेतकऱ्यांचे व शेतमजुरांचे जीव घेतले आहेत. आमच्या शिवारात ते घडू नये, ही आमची खरी तळमळ आहे.

तरी पोलीस, वन विभाग व परवानाधारक यांची संयुक्त बैठक खरिपाच्या पेरणीपूर्वी बोलवावी आणि वरील मागण्यांवर लेखी निर्णय कळवावा, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
परवानाधारक शेतकरी, बेंबळी व परिसर
ता. जि. धाराशिव

प्रत माहितीस्तव : मा. पोलीस अधीक्षक, धाराशिव, मा. तहसीलदार, धाराशिव, पोलीस ठाणे, बेंबळी.