अल्लीपुरातील सिमेंटची कामे : धूळ, पाणी आणि मजुरांच्या सुरक्षेबाबत निवेदन

दि. ५ जून २०२५

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, वर्धा

विषय : सिमेंट काँक्रीटची कामे आणि गिट्टी-मुरूम-रेतीची वाहतूक यांवर पर्यावरण व सुरक्षिततेच्या अटी लागू करणेबाबत.

वरील विषयान्वये आम्ही अल्लीपूर (ता. हिंगणघाट) येथील ग्रामस्थ, शेतकरी व बांधकाम मजूर सविनय निवेदन सादर करतो की, पक्के रस्ते, नाल्या आणि घरकुले आम्हाला हवीच आहेत. पावसाळ्यात चिखल तुडवत शाळेत जाणारी पोरे आम्ही पाहतो. सिमेंटच्या कामांना आमचा विरोध नाही. पण या कामांचा त्रास गावाने आणि मजुरांनी सोसावा, हे आम्हाला मान्य नाही.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना-राजुरा भागात चुनखडीच्या खाणी व मोठे सिमेंट कारखाने आहेत. तिथल्या भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सिअस तापमानाला क्लिंकर (जे दळून सिमेंट बनते) तयार होते. त्यासाठी इंधन जळतेच, पण तापलेल्या चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि क्लिंकरचे निम्म्याहून अधिक उत्सर्जन त्यातूनच होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथे होते. कोळसा, वीजकेंद्रे व सिमेंट या सर्वांचा तो एकत्रित भार आहे. तिथल्या लोकांनी एवढे सोसून तयार झालेले सिमेंट निकृष्ट कामात वाया जाणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

गावातील आमच्या अडचणी अशा :

जुना रस्ता न खोदता त्यावरच नवा थर टाकला जातो. रस्ता वर येतो, घराचा ओटा खाली जातो आणि मोठ्या सरीला गल्लीतले पाणी उंबरठा ओलांडून घरात शिरते. साठवलेले धान्य भिजते. मृग तोंडावर असल्याने ही काळजी आजची आहे.

ताडपत्रीविना धावणाऱ्या टिप्परमुळे रस्त्याकडेच्या कपाशी-तुरीच्या पानांवर फुफाट्याचा थर बसतो. मिक्सर धुतलेले क्षारयुक्त पाणी नालीत सोडले की ते पुढे ओढ्यातून नदीकडे जाते.

मजूर ओले सिमेंट उघड्या हातांनी कालवतात. सिमेंट हात खाते. बोटांच्या पेरांना भेगा पडतात, मग भाकरी मोडतानाही आग होते.

म्हणून आमच्या मागण्या :

१. काँक्रीट रस्त्याआधी जुना थर खोदून रस्त्याची पातळी ओट्याखाली ठेवावी. नालीचा उतार ग्रामस्थांसमक्ष तपासल्याशिवाय देयक देऊ नये.

२. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटला किमान ७, तर राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस पाणी द्यावे. उन्हाळ्यात हे पाणी कंत्राटदाराने स्वतः आणावे, गावाच्या हातपंपावरून नव्हे.

३. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेत औष्णिक वीजकेंद्रांपासून ३०० कि.मी. अंतरातील बांधकामांसाठी राखेच्या वापराची तरतूद आहे. चंद्रपूर व कोराडीची केंद्रे या अंतरात येतात. अंदाजपत्रकातच राखमिश्रित सिमेंट व राखेच्या विटा धराव्यात.

४. गिट्टी, रेती, मुरूम झाकूनच न्यावा. वस्तीतील कच्च्या रस्त्यावर काम संपेपर्यंत पाणी मारावे.

५. मिक्सरचे पाणी खड्ड्यात जिरवावे. फोडलेले काँक्रीट नाल्यात टाकण्यास व रिकामी पोती जाळण्यास मनाई करावी.

६. मजुरांना हातमोजे, बूट व मास्क कंत्राटदाराने द्यावेत. वर्षातून किमान ९० दिवस काम केलेल्या प्रत्येकाची इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी व्हावी, यासाठी गावात शिबिर घ्यावे. बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो. त्याचा लाभ मजुरापर्यंत पोहोचला पाहिजे.

७. परिसरात गिट्टी क्रशर किंवा सिमेंटशी निगडित प्रकल्पाचा प्रस्ताव आल्यास त्याचा मराठी सारांश ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा आणि निर्णयापूर्वी ग्रामसभेचे म्हणणे नोंदवावे.

आपण १५ दिवसांत बांधकाम विभाग, महसूल व प्रदूषण नियंत्रण मंडळ यांची संयुक्त पाहणी लावावी आणि प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे, ही विनंती. पाहणीस ग्रामस्थ पूर्ण सहकार्य करतील. उत्तर न मिळाल्यास हा विषय ग्रामसभेत ठरावासाठी मांडला जाईल.

आपले विनीत,
समस्त ग्रामस्थ, अल्लीपूर

प्रतिलिपी : १. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, वर्धा, २. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, नागपूर; ३. तहसीलदार, हिंगणघाट, ४. सरपंच, ग्रामपंचायत अल्लीपूर