राखाडी साडी नाही म्हणून...

मागच्या नवरात्रातली गोष्ट. आमच्या महिला बचत गटाची मासिक बैठक नेमकी शनिवारी आली. दोन दिवस आधीच मोबाइलवर निरोप फिरला, "सगळ्यांनी राखाडी रंग बरं का!" चौदाजणींपैकी तेराजणी राखाडी नेसून आल्या. एकजण तेवढी तिची नेहमीची चॉकलेटी सुती साडी नेसून आली. ती चार घरच्या पोळ्या लाटते. फोटो काढायची वेळ झाली आणि तिला म्हटलं गेलं, "तू जरा मागं उभी राहतेस का? रंग जुळत नाही गं."

हे म्हणणारी मीच होते, दुसरी कुणी नाही.

पुढच्या बैठकीला ती आली नाही. हप्त्याचे पैसे मुलीच्या हाती पाठवले. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. बरं नसेल म्हणून मी तिच्या घरी गेले. तिनं चहा ठेवला आणि अगदी शांतपणे सांगितलं, "ताई, गटात यायचं तर नऊ रंगांच्या साड्या लागतात, हे मला आधी माहीत नव्हतं." दारावर येणाऱ्या साडीवाल्याकडून तिनं दोन साड्या हप्त्यानं घेतल्या होत्या. एक मोरपंखी, आणि एक राखाडी, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल म्हणून! दोन्ही तशाच घडी करून ट्रंकेत. "आता नेसून कुठं जाऊ? नवरात्र तर संपलं," ती म्हणाली.

मैत्रिणींनो, कुणी सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून आम्ही गट काढला. आणि त्याच गटाच्या एका फोटोपायी एक बाई कर्जात पडली. ऋण काढून सण करू नये, हे दुसऱ्यांना सांगणारी मी! घरी येताना पाय जड झाले होते.

खरं तर हे नऊ रंग काही पोथी-पुराणातून आलेले नाहीत. आपल्या आईच्या लहानपणी नवरात्र म्हणजे घट, रोजची माळ, अखंड दिवा आणि भोंडला. रोजच्या रंगाची टूम २००३-०४च्या सुमारास मुंबईच्या एका मराठी दैनिकानं काढली. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा, असे वाराचे रंग ठरले. बायकांचे फोटो छापून येऊ लागले आणि बघता बघता ती लाट मुंबईच्या लोकलमधून आपल्या तालुक्याच्या बसस्टँडपर्यंत पोचली. मजा म्हणून ती छानच आहे. अनोळखी बाई आपल्याच रंगात दिसली की ओठांवर हसू येतं. मलाही आवडतं. पण मजेचा नियम कधी झाला, आणि नियमाची लाज कधी झाली, ते आपल्याला कळलंच नाही. त्यात आता हळदीला पिवळं, डोहाळजेवणाला हिरवं, बारशाला गुलाबी... फोटोत एकदा दिसलेली साडी पुन्हा नेसायची चोरी!

त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. वाचता वाचता लक्षात आलं, की जुनं नेसणं, जोडून-शिवून वापरणं याची लाज बाळगायचं काही कारणच नाही.

इंग्लंडचंच बघा. दुसऱ्या महायुद्धात, १ जून १९४१ पासून तिथं कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं, आणि एका लोकरी झग्यालाच ११ कुपनं जायची. १९४३ साली सरकारनंच पुस्तिका काढून बायकांना जुन्याचं नवं कसं करायचं ते शिकवलं. हे रेशनिंग युद्ध संपल्यावरही १९४९पर्यंत चाललं. नोव्हेंबर १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं, तेव्हा तिच्या पोशाखालाही कुपनं लागली! सरकारनं २०० कुपनं जादा दिली. देशभरातल्या बायकांनी प्रेमानं आपापली कुपनं तिला पाठवली. पण दुसऱ्याची कुपनं वापरणं कायद्यात बसत नव्हतं, म्हणून ती ज्याची त्याला परत गेली. राजकन्येची ही तऱ्हा, तिथं आपण एक साडी दोनदा नेसायला का कचरावं?

अमेरिकेत मंदीच्या काळात शेतकऱ्यांच्या बायका पिठाच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या सुती पोत्यांचे कपडे शिवायच्या. हे कळल्यावर कंपन्यांनी पोत्यांवर चक्क फुलाफुलांची नक्षी छापायला सुरुवात केली. एका झग्याला तीन-चार पोती लागायची, म्हणून बाई नवऱ्याला बजावून पाठवायची, की मागच्या वेळचीच नक्षी आण! पुढे कागदी पिशव्या आल्या आणि ती गंमत संपली.

जपानच्या उत्तर भागात थंडी इतकी, की तिथं कापूस पिकायचा नाही. सुती चिंधीसुद्धा मोलाची. ठिगळावर ठिगळ, त्यावर धावदोऱ्याचे टाके, असे कपडे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जायचे. त्यांना 'बोरो' म्हणतात. गरिबीची खूण म्हणून एकेकाळी लपवलेले हेच कपडे आज संग्रहालयात काचेआड ठेवले जातात. जपानी भाषेत 'मोत्ताइनाई' असा एक शब्द आहे. वस्तू वाया जाताना जी हळहळ वाटते, ती. केनियाच्या वांगारी मथाई यांना २००४चं शांततेचं नोबेल मिळालं. दुसऱ्या वर्षी त्या जपानला गेल्या, तेव्हा हा शब्द त्यांना एवढा आवडला, की पुढे त्या तो जगभर सांगत राहिल्या.

आता सांगा, यातलं आपल्या आजीला काय नवीन होतं? लुगडं मध्ये विरलं, की विरलेला भाग काढून ती दंड घालायची. त्यातूनही फाटलं तर बाळाचं दुपटं, कुंची, टोपरं. उरलेल्याची गोधडी. जरीचे काठ काढून परकराला. अगदीच नको झालेलं बोहारणीला देऊन त्या बदल्यात पातेलं. शेवटची चिंधी चुलीजवळचं फडकं व्हायची. बंगालातल्या बायका जुन्या साड्यांच्या काठातलेच दोरे उसवून त्यांनी कांथा भरायच्या. आपल्याकडे त्याच कांथा टाक्याची नवी साडी आपण हौसेनं घेतो आणि आजीची गोधडी मात्र पाहुणे आले की माळ्यावर टाकतो!

स्वयंपाकघरातही तेच. इटलीत शिळा पाव भिजवून, टोमॅटो, कांदा, तेल घालून कोशिंबिरीसारखं करतात. ही आपल्या फोडणीच्या पोळीची बहीणच. जपानात तांदूळ सडल्यावर निघालेल्या कोंड्यात भाज्या मुरवतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात कलिंगडाच्या सालीचं लोणचं घालतात. परदेशातलं वाचलं की आपल्याला ते नवलाचं वाटतं, आणि आपलीच मटारच्या सालींची भाजी वाढताना मात्र आपण ओशाळतो.

नुसता पश्चात्ताप करून भागणार नव्हतं. मी पुन्हा तिच्याकडे गेले आणि माफी मागितली. ती "असू द्या ताई" म्हणाली, पण एवढ्यानं मनावरचा ओरखडा जात नाही, हे मलाही कळत होतं. मग गटात विषय काढला. दोघी-तिघी म्हणाल्या, "अगं, वर्षातून एकदा हौस करायची नाही का? आपण काय नेहमी रांधा, वाढा, उष्टी काढाच करायचं?" त्यांचंही खोटं नाही. बाईनं हौस जरूर करावी. पण हौस आपली आपण करायची असते. ती दुसरीला परीक्षेसारखी द्यावी लागली की ती हौस राहत नाही. बऱ्याच चर्चेनंतर सगळ्यांना ते पटलं.

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू (आमच्याकडे ते सगळ्याच बायकांचं असतं, सवाष्ण-विधवा असा भेद नाही) आम्ही 'जुन्या साडीचं' केलं. अट एकच, साडी किमान दहा वर्षांची हवी. काळ्या रंगाची सक्ती नाही. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे न लुटता जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या. आणि प्रत्येकीनं एक पदार्थ आणायचा, जे आपण एरवी टाकतो त्याचा. फ्लॉवरच्या देठांची भाजी आली, मुळ्याच्या पाल्याचे पराठे आले. तिनं आणली दोडक्याच्या शिरांची चटणी. शिरा किसून थोड्या तेलावर कुरकुरीत परतायच्या, त्यात तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ. पहिल्यांदा डबा तिचाच रिकामा झाला.

तिनं येताना आईच्या लुगड्याची वाकळही आणली होती. हा तुकडा आईच्या लग्नातला, हा भावाच्या बारशातला, असं एकेक ठिगळ ती दाखवत होती आणि आम्ही सगळ्या गोल करून ऐकत होतो. माझ्याकडे शंभर साड्या असतील, पण एवढं सांगण्यासारखं एकीबद्दलही नाही.

फोटोच्या वेळी ती सवयीनं मागं सरकायला लागली. मी तिचा हात धरला आणि तिच्या शेजारी उभी राहिले. फोटोत चौदा रंग आहेत, काही विटके, एक-दोन रफू केलेले. तो फोटो आम्ही गटाच्या वहीत चिकटवलाय.

त्या दोन साड्यांचा शेवटचा हप्ता तिनं होळीनंतर भरला. नऊ दिवसांच्या रंगाची फेड पाच महिने चालली!

म्हणून एक विनंती. येत्या नवरात्रात रंग जरूर खेळा. घरात असेल तर तो रंग नेसा, नसेल तर त्या रंगाचं एखादं फूल माळा, किंवा शेजारणीची साडी हक्कानं मागून आणा. तेही नसेल तर आहे ती साडी नीट नेसून ताठ मानेनं या. आणि निरोप पाठवताना, "सगळ्यांनी हा रंग" असं लिहिण्याआधी, आपल्या गटातल्या सगळ्यांत कमी साड्या असलेल्या बाईचा चेहरा एकदा डोळ्यांपुढे आणा. मला तो वेळेवर आठवला नाही. तुम्हाला आठवावा, म्हणून हे लिहिलं.