न्हाणीघराची सफाई : व्यवसाय कुणाचा, श्रम कुणाचे?

शहरांतील सुखवस्तू मध्यमवर्गात अलीकडे एक युक्तिवाद मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. न्हाणीघर आणि शौचालय घासण्याचे काम आता जातीचे उरलेले नाही, ती एक ‘व्यावसायिक सेवा’ झाली आहे, असे त्याचे स्वरूप आहे. मोबाईलवरून मागणी नोंदविली की गणवेशातील माणूस दारात येतो, टाइल्स व त्यांच्या सांध्यांतील सिमेंट पांढरेशुभ्र करतो आणि निघून जातो. त्याला पैसे मिळतात, ग्राहकाला पावती मिळते. सुधारकांना शंभर वर्षांत जे जमले नाही ते बाजाराने दहा वर्षांत करून दाखविले, असेही वर ऐकविले जाते. हा युक्तिवाद आता आपल्या काही मित्रांच्याही तोंडी येऊ लागला आहे. म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

प्रथम हे काम काय आहे ते पाहिले पाहिजे. कारण त्याला ‘नुसते घासणे’ म्हणणाऱ्यांनी ते क्वचितच केलेले असते. मी राहतो त्या राणीसावरगावात, किंबहुना साऱ्या गंगाखेड तालुक्यात, बोअरचे पाणी दुष्फेन आहे. काळ्या खडकातून झिरपलेल्या या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी वाळले की ते टाइल्सवर पांढऱ्या थराने बसतात. त्यावर साबणाचा चिकटा आणि ओलीमुळे येणारी काळी बुरशी चढते. क्षार आम्लाने सुटतात, तेलकट मळ सोड्याने सुटतो आणि बुरशीला क्लोरीनयुक्त द्रव्य लागते. म्हणजे एकाच हातभर जागेत तीन प्रकारचा मळ आणि तीन वेगळे उपाय! त्यांचा क्रम चुकला, आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र आले, तर बंद खोलीत क्लोरीन वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर शस्त्र म्हणून सोडला गेला तो हाच वायू.

सांध्यांचा प्रश्न तर आणखी नाजूक आहे. टाइलवरची काचेसारखी झिलई हायड्रोक्लोरिक आम्लाला बऱ्यापैकी दाद देत नाही, परंतु सांधा भरलेला असतो सिमेंटने, आणि आम्ल सिमेंटच खाते. जाणता कारागीर सांधा आधी पाण्याने भिजवितो, सौम्य आम्ल वापरतो, थोडा वेळ थांबतो, ब्रशने घासतो, भरपूर पाण्याने धुतो आणि वाळल्यावर सांध्यावर संरक्षक लेप देतो. घाईचा माणूस तीव्र आम्ल ओततो. पाच मिनिटांत फेस येतो, सांधा लख्ख होतो, ग्राहक खूष होतो. मात्र त्या सांध्याचा वरचा थर विरघळून तो सच्छिद्र झालेला असतो. पुढल्या खेपेस त्यात मळ अधिक धरतो आणि आम्लही अधिक लागते. या चक्रात सेवा विकणाऱ्याचा तोटा काहीच नाही. आम्लाचे धुके छातीत घेणाऱ्याचा आहे, आणि तो कोणत्याही पावतीवर येत नाही.

तेव्हा हे कौशल्याचे काम आहे आणि धोक्याचेही आहे. मग त्याची मजुरी इतकी कमी का?

अर्थशास्त्राच्या वर्गात मी अनेक वर्षे ॲडम स्मिथ शिकविला. १७७६ च्या आपल्या ग्रंथात तो सांगतो की, काम जितके कष्टाचे, घाणेरडे वा अप्रतिष्ठित, तितकी त्याची मजुरी इतर गोष्टी समान असता जास्त असावयास हवी. एरवी ते काम कोण पत्करील? ऐकायला हे अगदी रास्त वाटते. वर्गात मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येई, ‘सर, मग मोरी साफ करणारा श्रीमंत का नाही?’ याचे उत्तर जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ मध्येच देऊन ठेवले होते. खरोखर किळसवाणी कामे सर्वांत कमी मोबदल्यात होतात, कारण ती करणाऱ्यांना दुसरा पर्यायच नसतो. स्मिथच्या ‘इतर गोष्टी समान’ या तीन शब्दांत आपल्या देशात सारी जातिव्यवस्था दडलेली आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये दाखवून दिले की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे. हा मुद्दा ध्यानी घेतला की बाजाराने जात पुसली या दाव्यातील पोकळपणा उघड होतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पर्याय नाकारला गेला त्यांचा श्रम बाजाराने त्या नाकारलेपणाच्या किमतीलाच विकत घेतला, एवढेच घडले. गणवेश नवा आहे, दर जुनाच.

आणि खेड्यात? येथे ‘व्यावसायिक सेवा’ नावाची वस्तू पोचलेलीच नाही. २०१४ नंतर स्वच्छ भारत मोहिमेत प्रत्येक पात्र घराला १२,००० रुपये प्रोत्साहन देऊन शौचालये बांधली गेली. बांधणाऱ्याचा हिशेब शासनाने ठेवला; रोज घासणाऱ्याचा मात्र कुणीच ठेवला नाही. ते काम घरच्या बाईकडे गेले. ऐपतदार घरात टाइल्स लागल्या की तिच्या कामात भर पडते, दुकानातून आम्लाची बाटली येते, हातमोजे मात्र येत नाहीत. संत जनाबाई याच गंगाखेडच्या. दळणकांडण आणि झाडलोट करणाऱ्या दासीच्या मदतीला विठ्ठल धावून येतो ही कल्पना आमच्या भागाने सातशे वर्षे भक्तिभावाने जपली. घरातील पुरुषाने ब्रश हाती घ्यावा, इतकी साधी गोष्ट मात्र आम्हांला अजून सुचलेली नाही. याच तालुक्यातून माणसे ऊसतोडीला आणि पुण्या-मुंबईला जातात. गावात फुकट करावे लागणारे काम शहरात मजुरीने करावयाचे, एवढाच काय तो बदल.

न्हाणीघरातला मळ नळीतून जातो तो अखेर टाकीत. शेजारच्या सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा शिवारात, मे २०२३ मध्ये सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गुदमरून मेले. अशा टाकीत संरक्षणाच्या साधनांवाचून माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरविली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. आपला कायदा मेलेल्या सफाई कामगाराला ओळखतो. जिवंत कामगाराशी मात्र त्याची ओळख फार तुटपुंजी आहे. हाताने मैला वाहण्याच्या बंदीचा कायदा अस्वच्छ शौचालये, गटारे व सेप्टिक टँक यांच्यापुरता आहे. टाइल्सच्या लखलखीत न्हाणीघरात आम्लाचा धूर घेणारा त्याच्या कक्षेतच येत नाही. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात कल्याण आहे, वेतन ठरविण्याचा अधिकार नाही. आम्लाच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले, तेही हल्ल्यांच्या संदर्भात. विकत घेणाऱ्याची नोंद ठेवावी, अठरा वर्षांखालील मुलांना विकू नये, असे. कामावर रोज आम्ल हाताळणाऱ्याच्या फुप्फुसांचा विचार तेथे अभिप्रेतच नव्हता.

ॲपवाल्या कंपन्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्या कामगाराला कामगार म्हणतच नाहीत, ‘भागीदार’ म्हणतात. वेळ कंपनी ठरविते, दर कंपनी ठरविते, ग्राहकाच्या ताऱ्यांवरून काम द्यावयाचे की तोडावयाचे हेही तीच ठरविते; तोटा आणि खोकला तेवढा भागीदाराचा. २०२१ साली गुरुग्राममध्ये अर्बन कंपनीच्या महिला कामगारांनी निदर्शने केली, तेव्हा कंपनी आपल्या या भागीदारांविरुद्धच न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत द्यावी अशी तरतूद आहे. तिचे स्वागत करावे. परंतु तीच संहिता या कामगारांना मालक-नोकर संबंधाच्या बाहेरचे मानते. म्हणजे वर्गणी मिळेल, वेतनाची हमी मिळणार नाही.

येथे आपल्या परंपरेबद्दलही एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. अप्पा पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागून घेतले, त्यासाठी उपवास केला आणि गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभिला. ते महान कृत्य होते. परंतु त्यानंतरच्या पिढ्यांनी शिबिरात दोन दिवस संडास साफ करणे हेच कार्य मानले. त्याने स्वयंसेवकाचे मन शुद्ध झाले असेल, कामगाराची मजुरी मात्र एका पैशाने वाढली नाही. प्रतिष्ठेची भाषणे स्वस्त पडतात. आपल्यापैकी जे शहरात राहतात त्यांनी न्हाणीघर साफ करून घेताना किती घासाघीस केली ते आठवून पाहावे. टाइल्सपेक्षा कामगारालाच अधिक घासले जाते.

सुदैवाने महाराष्ट्राला दुसरा मार्ग ठाऊक आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला एका मालकाच्या दारात बांधले नाही. मंडळाकडे त्याची नोंद केली, व्यापाऱ्याकडून मजुरी व वर लेव्ही मंडळात भरून घेतली आणि तीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, उपचार यांची सोय केली. अनेक मालकांकडे थोडे थोडे काम करणाऱ्या श्रमिकासाठी याहून नेमकी रचना मला अर्थशास्त्रात आढळलेली नाही. व्यापाऱ्यांनी या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले, तरी तो टिकला. हमालाच्या पाठीवरील पोत्याला जे लागू पडते ते सफाई कामगाराच्या हातातील ब्रशला का पडू नये? न्हाणीघरे, टाइल्स व टाक्या साफ करणाऱ्यांसाठी असे त्रिपक्षीय मंडळ हवे, आणि ॲपच्या कंपन्या, सफाईचे ठेकेदार व गृहनिर्माण संस्था यांची त्यावर सक्तीने नोंदणी हवी. हा खर्च ग्राहकावर पडेल असे म्हणणाऱ्यांना सांगावे की, तो आजही होतोच. फक्त तो कामगाराच्या छातीतून वसूल केला जातो.

सोबत तीन लहान मागण्या जोडाव्यात. घरगुती सफाईसाठी तीव्र आम्ल सुटे विकणे पूर्ण बंद व्हावे. सौम्य आम्लाने काम होते, थोडा वेळ अधिक लागतो, आणि त्या वेळेची मजुरी द्यावी लागते, एवढेच. हातमोजे, चष्मा व मुखपट्टी यांचा खर्च काम देणाऱ्याने करावा. आणि या कामाचे प्रशिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत गवंडीकामाच्या बरोबरीने द्यावे, प्रवेश सर्व जातींच्या मुलांना असावा आणि प्रमाणपत्र मिळवणाऱ्याला किमान वेतनाच्या तक्त्यात कुशल कामगाराची श्रेणी मिळावी. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, तिचे मोल मी कमी लेखीत नाही; पण मुलाला बापाचाच झाडू मिळण्याची हमी हे त्याचे दुसरे नाव आहे.

आपल्या तालुका शाखांनी येत्या हिवाळी अधिवेशनापूर्वी पहिले काम करावयाचे ते नोंदणीचे. गंगाखेड, सोनपेठ, पालम येथून शहरांत जाऊन सफाईचे काम करणारे किती, कोणत्या ठेकेदाराकडे, कोणत्या दराने, आणि त्यांच्यापैकी कितीजणांना श्वासाचा विकार जडला, हे घरोघर जाऊन लिहून घ्यावे. अशी यादी हाती असेल तर मंत्र्यांना निवेदन देताना आकडे आपले असतील.