ॲव्हरेज किती देते?

नवी गाडी घेतलेल्या माणसाला पहिला प्रश्न कोणता विचारला जाईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. गाडीला हार घातलेला असतो, चाकांखालची लिंबं अजून चिरडायची असतात, हातातला पेढा अर्धाच खाऊन झालेला असतो आणि शेजारी विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" ब्रेक कसे आहेत, मागे बसणाऱ्याने गुडघे कुठे ठेवायचे, पावसात काचेवर वाफ धरते का, हे सगळं नंतर, बहुधा कधीच नाही. पूर्वी मुलीकडची मंडळी मुलाचा पगार विचारायची त्या सुरात हा प्रश्न येतो, आणि मुलाचे वडील ज्या बेताने आकडा सांगायचे त्याच बेताने मालक तो सांगतो. म्हणजे ओव्हरटाइम धरून.

हा प्रश्न बंद झाला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. कायद्याने जमत नसेल तर हाउसिंग सोसायटीच्या ठरावाने.

आता तुम्ही म्हणाल, हा कोण टिकोजीराव आम्हाला शिकवणार? तर माझ्याकडे गाडी नाही. या विषयावर बोलायला एवढी पात्रता पुरेशी आहे. वसईतल्या एका बँकेत मी कारकून आहे आणि काही वर्षांपासून वाहनकर्जाचं टेबल माझ्याकडे आहे. त्या अनुभवावरून सांगतो, हप्ते चालू असेतो माणूस आपल्या गाडीविषयी वाईट बोलत नाही. हप्ते संपले की थोडंफार खरं बोलायला लागतो. पण तोवर गाडी विकायला काढलेली असते, म्हणून पुन्हा गप्प. गाडीविषयी निर्भीडपणे बोलायचं तर ती नसलेलीच बरी.

आमच्या वसई-विरारच्या गाड्यांचा नंबर एमएच ४८, आणि आमच्या उशाशी धावणाऱ्या अहमदाबाद महामार्गाचा नंबरही ४८. सरकारने एवढा मेळ कसा साधला कोण जाणे. बाकी गाड्या आणि रस्ता यांचं इथे कधी जमलेलं नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक फायली एकाच कंपनीच्या असतात. तिच्या नावात पुढे आपला बजरंगबली आणि मागे जपानी आडनाव. मारुती सुझुकी. या कंपनीचे मालक गाडीची तारीफ कशी करतात ते मला तोंडपाठ आहे. "पार्ट कुठेही मिळतो हो, मनोरच्या फाट्यावरचा मेकॅनिकसुद्धा डोळे मिटून खोलतो." "सकाळी विकायला काढली तर संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक दारात." आणि मग तो आकडा.

बी.कॉम.ला आम्हाला स्टॅटिस्टिक्स होतं. त्यात ॲव्हरेजचे तीन प्रकार शिकवले होते, मीन, मिडियन आणि मोड. चौथा प्रकार या टेबलावर बसल्यावर कळला. एखाद्या रविवारी पहाटे, एसी बंद ठेवून, एकट्याने, रिकाम्या रस्त्याने मनोरपर्यंत जाऊन आल्यावर जो आकडा निघतो तो. आणि पुढे गाडी विकेपर्यंत तोच सांगायचा असतो.

सीएनजीवाल्यांची तर वेगळीच जमात. त्यांचा आकडा किलोला असतो, त्यामुळे तो लिटरवाल्यांपेक्षा नेहमीच मोठा. आणि तो सांगताना चेहऱ्यावर असा भाव, की वायू स्वतःच शोधून काढला. डिकीत सिलिंडर बसल्यामुळे गावाला जाताना बॅगा मांडीवर घ्याव्या लागतात. वहिनींच्या मांडीवर बॅग, बॅगेवर फराळाचा डबा, डब्यावर धाकटा. पंपावरच्या रांगेत पाऊण तास उभं राहून वाचवलेल्या पैशांचा हिशेब ते रांगेतच करतात. पाऊण तासाची किंमत त्यात धरलेली नसते. कारण तो वेळ त्यांचा असतो, ऑफिसचा नव्हे.

या कंपनीचा मूळ धंदा गाड्यांचा नव्हता. जपानातल्या हामामात्सु गावचा मिचिओ सुझुकी हा सुताराच्या हाताखाली तयार झालेला माणूस. १९०९ साली त्याने माग बनवायचा कारखाना काढला. पहिला माग आईसाठी केला होता म्हणतात. (टोयोटावाल्यांचं मूळही मागातच. तिकडे दोन मागवाल्यांनी मोटारी काढल्या. आमच्या शेजारी भिवंडीत माग काही कमी नाहीत, पण तिथून मोटार निघाल्याचं ऐकिवात नाही. निघाली असती तरी चिंचोटी-कामणच्या रस्त्याने ती वसईपर्यंत शाबूत पोचली असती का, हा प्रश्नच आहे.) पुढे मिचिओचा जावई शुन्झो सायकलवरून मासे धरायला जायचा आणि परतताना समोरच्या वाऱ्याने बेजार व्हायचा. त्यावरून सायकलला इंजिन बसवायची कल्पना निघाली, असं सांगतात. अर्नाळ्याला समोरचा वारा खात ज्याने सायकल हाणली आहे त्याला हे लगेच पटेल. १९५२ साली ३६ सीसीचं ते इंजिन बाजारात आलं आणि १९५५ साली पहिली छोटी मोटार.

पण हा इतिहास मी पाठ केला तो त्यातल्या पुढच्या माणसासाठी. ओसामू हा बँकेत होता. तोही कर्जखात्यात! सुझुकींच्या नातीशी लग्न झालं, त्याने त्यांचं आडनाव लावलं, १९५८ साली कंपनीत शिरला आणि १९७८ साली अध्यक्ष झाला. आमच्याकडे कर्जखात्यातून उठलेला माणूस फार तर बदलीवर बोईसरला जातो. हा गृहस्थ बँकेतली काटकसर बरोबर घेऊन गेला. एअरकंडिशनची वीज वाचावी म्हणून त्याने कारखान्याचं छत खाली आणायला लावलं, आणि म्हातारपणीही विमानात स्वस्तातल्या वर्गात बसायचा. कंपनीचं ब्रीद काय, तर लहान, कमी, हलकं, आखूड आणि सुंदर. यातलं शेवटचं सोडलं तर हे विरारच्या वन-रूम-किचनचं वर्णन आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ९४व्या वर्षी तो गेला, आणि सरकारने २०२५ साली त्याला मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

अशा माणसाची आणि आपल्या मध्यमवर्गाची गाठ पडणं हा विधिलिखित योग होता. संजय गांधींच्या बंद पडलेल्या कंपनीचं नाव घेऊन १९८१ साली सरकारने मारुती उद्योग उभा केला, १९८२च्या ऑक्टोबरात सुझुकीशी करार झाला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. गाडीसाठी लाखाहून अधिक लोकांनी प्रत्येकी १० हजार रुपये आधीच भरून ठेवले होते. त्या काळी १० हजार म्हणजे चेष्टा नव्हती. पण कुर्ल्याच्या फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्या माणसाला आगाऊ पैसे भरण्याची सवयच होती.

या कंपनीचे आपल्यावर उपकार आहेत, हे मी कबूल करतो. १९८३च्या आधीचं आपलं कौटुंबिक वाहन आठवा. नवरा स्कूटर चालवतोय, बायको मागे एका अंगावर बसलेली, तिच्या मांडीवर तान्हं, आणि पुढे उभा राहिलेला थोरला वाऱ्याने डोळे चोळतोय. हेल्मेट असलंच तर एक, तेही नवऱ्याला. अशा कित्येक कुटुंबांना या ८०० सीसीच्या डब्याने चार दारांच्या आत आणून बसवलं. त्याला पत्र्याचा डबा म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात, आणि तेच लोक नंतर हत्तीएवढी गाडी घेऊन पापडीच्या गल्लीत अडकतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांना गल्लीच शिक्षा करते.

माझं भांडण आकडेवाल्यांशी आहे, आणि ते मी त्यांच्याच वहीत मांडून दाखवतो. वसईचा नोकरदार रोज लोकलने चर्चगेटला जातो. गाडी निघते रविवारी, लग्नाकार्याला आणि पाहुणे आले की जीवदानीला. वर्षाला ५,००० किलोमीटर धरा, तेही उदार मनाने. एक गाडी लिटरला २० देते, दुसरी १७. पहिलीला २५० लिटर लागतील, दुसरीला २९४. फरक ४४ लिटरचा. लिटरला शंभर रुपये धरले तर वर्षाचे ४,४०० रुपये, म्हणजे दिवसाला १२. बारा रुपयांत वसई स्टेशनबाहेर वडापावसुद्धा मिळायची पंचाईत. आता दुसरी बाजू बघा. गाडी सहा लाखांची. आयकराच्या दराने १५ टक्के घसारा म्हणजे पहिल्याच वर्षी ९० हजार. पाच लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षाचं व्याज चाळीस हजारांच्या वर, ते तर मी स्वतः वसूल करतो. वर विमा, वर पार्किंगपायी झालेली भांडणं. लाख-सव्वा लाख निमूटपणे जाऊ देणारा माणूस ४,४०० रुपयांसाठी चौकशी समिती बसवतो. वाण्याकडे काड्यापेटीचा भाव करून तांदळाची गोणी भाव न विचारता उचलावी, तसा हा प्रकार.

बरं, हा नुसता पैशांचा वेडेपणा असता तर मी गप्प बसलो असतो; बँकांचा धंदा अशा वेडेपणावरच चालतो. पण नीट ऐका मालक काय सांगतात ते. गाडी बंद पडली तर काय, हे सांगतात. विकली तर काय, हेही सांगतात. आपटली तर काय, हे कोणी सांगत नाही, कारण कोणी विचारतच नाही.

विचारलं ते परक्यांनी. २०१४च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप नावाच्या संस्थेने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आपटून पाहिल्या. आल्टो, नॅनो, फिगो, आय-टेन आणि पोलो, सगळ्या एअरबॅग नसलेल्या. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे. जपानी, देशी, अमेरिकन, कोरियन, जर्मन. पाच देशांचं इतकं एकमत राष्ट्रसंघातही झालं नसेल. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्विफ्टलाही शून्य. ६४ चा वेग म्हणजे काही विमान नव्हे. वसई फाट्यावरून हायवेला लागलं की पाचव्या मिनिटाला काटा तिथे असतो.

लोक म्हणाले, कंपन्या लबाड. असतीलही, मी त्यांचा वकील नाही. पण पोलोच्या कंपनीने त्या निकालानंतर बिनएअरबॅगची गाडी विकणंच बंद केलं, म्हणजे करायचं म्हटलं तर जमत होतं. आणि इतरांकडेही एअरबॅगचं महागडं मॉडेल मिळत होतं. मला ठाऊक आहे, कारण कर्जासाठी लोक दोन कोटेशनं घेऊन यायचे. एअरबॅगवालं चौकडी मारून बाजूला ठेवायचे आणि वाचलेल्या पैशांत सीट कव्हर आणि टेप बसवायचे. "साहेब, आपण कुठे आपटायला निघालोय?" हा युक्तिवाद. जसा काही आपटणारा माणूस घरून ठरवून निघतो! हामामात्सुच्या बँकवाल्याने आपली परीक्षा बरोबर केली. त्याला एकच प्रश्न विचारला गेला, त्याने त्या एकाच प्रश्नाचं उत्तर शंभरपैकी शंभर दिलं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहून पुरवण्या जोडण्याइतका तो उधळ्या नव्हता.

पुढे सरकारने विचारायला सुरुवात केली. ड्रायव्हरपुढची एअरबॅग सक्तीची व्हायला जुलै २०१९ उजाडला. तरी २०२३ साली वॅगन-आरला एकच तारा मिळाला, आणि तेव्हाही आमच्या सोसायटीतल्या वॅगन-आरवाल्यांना लोक आकडाच विचारत होते. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला पाच तारे मिळाले. २०२५ मध्ये आल्टोलासुद्धा सहा एअरबॅगा लागल्या. तीच कंपनी, तोच पत्रा, तेच कारखाने. प्रश्नपत्रिका बदलली, एवढंच.

पण घरातली प्रश्नपत्रिका कुठे बदलली? ४ सप्टेंबर २०२२ रोजी आमच्याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी आपटली. गाडी मर्सिडीज, म्हणजे पत्र्याचा डबा नव्हे. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. हा आमचा रोजचा रस्ता. हनुमान जयंतीपासून महालक्ष्मीच्या यात्रेला आमच्याकडची माणसं याच पुलावरून जातात, एका गाडीत सहा-सहा, मागे मुलं उभी. त्या सप्टेंबरात आठ दिवस आमच्या शाखेत दुसरा विषय नव्हता. बँकेच्या दारात उभ्या असलेल्या गाड्यांचे मागचे पट्टे शोधायला आम्ही काही जण खाली उतरलो. सापडले नाहीत. ते सीट कव्हरच्या खाली होते. कव्हर फाडल्याशिवाय निघणार नव्हते, आणि कव्हर साडेसात हजारांचं होतं.

पुढचा पट्टा न लावल्यास गाडी टुंग टुंग वाजते. त्यावरही आपण तोड काढली. बाजारात एक छोटी क्लिप मिळते. ती खाचेत अडकवली की पट्टा लावलाय असं गाडीला वाटतं आणि ती गप्प बसते. २०२३ साली केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठ्या ऑनलाइन दुकानांना या क्लिपा काढून टाकायला लावल्या. आमच्या शाखेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना बातमी दाखवली तर म्हणाले, "तरीच मला ऑनलाइन मिळेना." मग त्यांनी स्टेशनजवळ एक दुकान हुडकून काढलं. दुकानदार जोडीचे अडीचशे सांगत होता. यांनी दोनशेला आणली, आणि बिल मागून घेतलं.