दांडीचं तोंड

गेल्या वर्षी ऐन आषाढात धुळ्याहून माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. भर पावसात एस.टी.ने पारोळा, एरंडोल करत जळगावला यायचं, म्हणजे काम तसंच असणार. चहा होईपर्यंत गप्प बसला. मग पिशवीतून पाच-सहा छापील कागद काढले आणि म्हणाला, "सर, एवढं वाचून द्या ना. सगळं इंग्रजीत शे."

आता माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, अमळनेरच्या प्रताप कॉलेजातलं. इंग्रजीशी माझं नातं दूरच्या सोयऱ्यासारखं. ओळख आहे, घसट नाही. पण विद्यार्थ्यासमोर मास्तरने "मला येत नाही" म्हणायचं, हे आमच्या पिढीला जमलं नाही. चष्मा लावला, कोश काढला.

झालं होतं असं. हा बरीच वर्षं सुरतेला कामाला होता. तिथलं काम सुटलं, गावी परतला आणि सोफे-गालिचे धुण्याचं एक जुनं यंत्र विकत घेतलं. बायकोची सोन्याची पोत गहाण ठेवून! यंत्र साधंच. एका टाकीत साबणाचं कोमट पाणी. ते पंपाने गालिच्यात फवारायचं आणि लगेच मोटरने ओढून दुसऱ्या टाकीत घ्यायचं. फवारणं आणि ओढणं ही दोन्ही कामं जिच्यातून होतात ती पुढची लांब नळी मात्र मोडकी निघाली. ती नवी घ्यायची होती. तिला इंग्रजीत ‘वाँड’ म्हणतात. कोशात पाहिलं तर अर्थ निघाला ‘जादूची कांडी’! आम्ही दोघंही हसलो. या धंद्यातली पोरं तिला सरळ दांडी म्हणतात आणि खालच्या रुंद भागाला तोंड. मला हे शब्द जास्त पटले.

कागदांवर दहा इंची तोंड होतं, बारा इंची होतं, चौदा इंची होतं. एका फवाऱ्याचं, दोन फवाऱ्यांचं, चारांचं. मी आयुष्यभर पोरांना काळ-काम-वेगाची गणितं घातलेली. लगेच पाठकोऱ्या कागदावर मांडलं. बारा फुटी गालिचा म्हणजे १४४ इंच. दहा इंची तोंडाने पंधरा पट्टे मारावे लागतील, चौदा इंचीने अकरा. चार पट्ट्यांची मेहनत वाचली. "डोळे मिटून चौदा इंची घे," म्हटलं. त्याने घेतली. सर म्हणाले ना!

आणि पहिला प्रयोग झाला आमच्याच घरी.

आमच्या सौ.नी निवृत्तीच्या पैशातून हौसेने एक भदोहीचा लोकरी गालिचा घेतला होता. लाल काठ, मध्ये साय रंग. हातमागाच्या प्रदर्शनात तो पाहून ती परत घरी आली होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन घेतला होता. आमच्यासारख्या सतरंजी आणि जाजमावर वाढलेल्यांच्या घरात गालिचा म्हणजे अप्रूपच. वर्षातून दोनदा गच्चीवर टाकून काठीने झोडपायचा, एवढीच त्याची निगा. तो धुवायला काढला श्रावणात. ही अक्कलही माझीच.

तोंड झपाझप फिरलं, पाणी भरपूर गेलं आणि आत आलं निम्मं. चार दिवस गालिचा ओला. पाचव्या दिवशी खोलीत कुबट वास, आणि काठाचा लाल रंग सायीवर उतरलेला. सौ. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

हा पोरगा मात्र पाया पडायला लागला, "सर, माझं चुकलं." त्याचं कुठे चुकलं होतं? गणित माझं होतं.

मग मी तेच कागद पुन्हा वाचले, या वेळी सावकाश. नातवाकडून आणखी चार गोष्टी शोधून घेतल्या. आणि जे कळलं ते उसाच्या रसाच्या गाड्यावर कोणत्याही पोराला कळावं इतकं सोपं होतं. बारीक नळीने रस झटकन तोंडात येतो. त्याच छातीच्या जोराने रुंद पाइपातून ओढून पाहा, दम लागतो. मोटर तेवढीच ठेवून तोंड रुंद केलं की ओढ पसरते आणि पातळ होते. पाणी गालिच्यात शिरतं, बाहेर येत नाही. चौदा इंची तोंड मोठ्या मोटरच्या यंत्राला शोभतं. याच्या लहान यंत्राला दहा इंचीच पुरे होतं. फवाऱ्यांचंही तसंच. चार फवारे असले की पाणी सारखं पसरतं हे खरं, पण ढकलणारा पंप तेवढा दमदार हवा. शिवाय आमच्या बोअरचं पाणी जड. बारीक भोकं क्षारांनी बुजतात आणि मग एका बाजूला चिखल, दुसरी कोरडी. (आता तो दर आठवड्याला ती टोपणं काढून व्हिनेगरमध्ये भिजवतो.)

खरी किल्ली मला एका ओळीत सापडली, जी मी पहिल्या वाचनात गाळली होती. पाणी सोडत एकदा ओढायचं आणि पाणी बंद करून त्याच जागी निदान दोनदा कोरडं ओढायचं. म्हणजे माझ्या अकरा पट्ट्यांचे खरे तर तेहतीस होणार होते! तोंडाखाली टेफ्लॉनची भोकांची पट्टी बसवली की दांडी अडखळत नाही, धागे ओरबाडत नाहीत आणि हे जादा ओढणं खांद्याला झेपतं. ही पट्टी मी "चैनीची वस्तू" म्हणून खोडून टाकली होती. लोकरीला फार गरम पाणी आणि तिखट साबण चालत नाही, आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपऱ्यात दाबून रंग सुटतो का बघायचं, हेही तेव्हाच कळलं. उशिरा.

या यंत्राचा मूळ इतिहासही गमतीचा आहे. १९०१ साली लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने हवेने धूळ ओढायचं यंत्र केलं. त्याआधी लोक धूळ फुंकून उडवणारी यंत्रं दाखवत. ओढून पाहिलं तर, म्हणून या गृहस्थाने एका हॉटेलात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला आणि स्वतःच्या तोंडाने जोरात हवा ओढली. ठसका लागला, पण रुमालाला खालून धूळ चिकटलेली दिसली. पुढे १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याच्या यंत्राने साफ झाले. घोड्यांनी ओढायचं ते अवजड यंत्र रस्त्यावर उभं राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून आत जात. माझ्या मनात राहिला तो रुमाल. मोटरच्या आधी तोंड होतं.

आपल्याकडे उलटं. दुकानदार वॅट सांगतो, टाकी किती लिटरची ते सांगतो, आपण मान डोलावतो. आमच्या माळ्यावर नव्वदच्या दशकातला एक व्हॅक्यूम क्लीनर आहे. त्याच्याबरोबर आलेली सात तोंडं प्लॅस्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी आहेत. फटीचं, पडद्याचं, गादीचं. आम्ही एकच वापरलं आणि "काही उपयोगाचा नाही" म्हणून वर टाकला. तुमच्याही घरी असेल, जरा पाहा.

शिवाय खान्देशात गालिचे आहेत किती? हॉटेलं, सराफांच्या पेढ्या, मशिदी, काही कार्यालयं. बाकी घरोघर सोफा, गाद्या आणि दारात गाडी. याला बोलावणारे बहुतेक सोफ्यासाठीच बोलावतात, आणि चौदा इंची दांडी सोफ्यावर चालतच नाही. त्याला आधी हवं होतं चार इंची हातातलं तोंड, तेही वर पारदर्शक झाकणाचं. त्यातून काळं पाणी जाताना दिसतं. ते निवळलं की थांबायचं. गिऱ्हाईकही डोळ्यांनी बघतं आणि "अजून पाणी मारा" म्हणून मागे लागत नाही. हे माझं स्पष्ट मत आहे: आपल्या भागात नवा धंदा करणाऱ्याने पहिला पैसा या लहान तोंडात घालावा आणि लांब दांडी दुसऱ्या वर्षी घ्यावी. लोकरीच्या गालिच्यांची ओली कामं होळी ते आखाजीच उरकावीत. आमचं ऊन एरवी जीव घेतं, पण तेव्हा गालिचा संध्याकाळपर्यंत वाळवून देतं. श्रावणात कुणी कितीही सवलत देऊ दे, नाही म्हणावं.

त्याने चौदा इंची दांडी मिळेल त्या किमतीला विकली. तोटा झाला, तो निम्मा मी सोसायचा असं मी म्हटलं, तर ऐकेना. शेवटी त्याच्या मुलीच्या वह्या-पुस्तकांच्या नावाने पैसे दिले. चार इंची तोंड आलं, मागाहून दहा इंची दांडीही. परवा फोन आला होता. सोफ्यांची कामं बरी चालली आहेत, पण पोत अजून सुटलेली नाही. "दिवाळीपर्यंत सुटी जाई, सर," म्हणाला.

आमचा गालिचा त्याने या आखाजीच्या आधी पुन्हा धुऊन दिला, पैसे न घेता. वास गेला. लाल डाग मात्र राहिला. सौ.नी ती बाजू दिवाणाखाली सरकवून अंथरलाय.