यंत्राचा अपराध कोणता?

यंत्रांतून निघालेल्या संगीताला आत्मा नसतो, हें मत आतां इतकें रूढ झालें आहे कीं, तें सिद्ध करण्याची तसदी कोणी घेत नाहीं. पुरावा मागितलाच, तर डेपेश मोड या चौघा इंग्रज तरुणांच्या वाद्यवृंदाची १९८१ सालची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका, 'स्पीक अँड स्पेल', पुढें करतां येईल. मुलांना स्पेलिंग शिकविणाऱ्या एका बोलक्या खेळण्यावरून तिचें नांव पडलें. आंत आहे तेंही खेळणेंच, असें आक्षेपक म्हणतील. ती पोकळ आहे, हें मलाही मान्य आहे. परंतु त्या पोकळपणाचें खापर सिंथेसायझरवर फोडणें मला मुळींच मान्य नाहीं.

यंत्रसंगीताला श्रम पडत नाहींत, असें म्हणणाऱ्यांनीं त्या वाद्यांची मर्यादा लक्षांत घ्यावी. या तरुणांचे सिंथेसायझर बव्हंशीं एका वेळीं एकच स्वर काढणारे. तेव्हां निरनिराळ्या स्वरपंक्ति एकमेकींत गुंफण्यावांचून त्यांना गत्यंतर नव्हतें. या ध्वनिमुद्रिकेचा सडसडीतपणा आणि चापल्य त्या गुंफणींतूनच आलें आहे.

मग पोकळपणा कोठून आला? शब्दांतून. इंग्लंडमधील आवृत्तींतल्या अकरा रचनांपैकीं नऊ व्हिन्स क्लार्कच्या. त्यांत शब्द नादासाठीं वेंचलेले, अर्थाला स्थान दुय्यम. गायक डेव्ह गहान तेव्हां अवघा एकोणीस वर्षांचा. गीतांत जें नाहीं, तें त्या कोवळ्या गळ्यानें कोठून आणावें?

याचा पडताळा लगेच मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस क्लार्क बाहेर पडला आणि ॲलिसन मॉयेट या गायिकेसह त्यानें 'याझू' स्थापिलें. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका 'अपस्टेअर्स ॲट एरिक्स' १९८२ सालीं निघाली. ध्वनिमुद्रणगृह तेंच, लंडनमधील एका जुन्या चर्चच्या इमारतींतलें ब्लॅकविंग. प्रकाशनसंस्था तीच, म्यूट. वाद्यें त्याच जातीचीं. तरीही क्लार्कचें 'ओन्ली यू' मॉयेटच्या भरदार कंठांतून ऐकतांना ज्याचें मन हलत नाहीं, त्यानें संगीताच्या आत्म्याविषयीं न बोललेलें बरें.

हा वाद परक्यांचा म्हणून सोडून देतां येत नाहीं. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं हार्मोनियमवर बंदी घातली; ती सैल होण्यास सुमारें तीस वर्षें लागलीं. तेवढ्या काळांत बेसूर गाणारे कांहीं सुरेल झाले नाहींत! आजही गाणें फसलें कीं कीबोर्डाला दूषणें देऊन आपण मोकळे होतों, आणि गीतकार व गायक सहीसलामत सुटतात. रसिकांनीं आधीं शब्द तपासावे, मग गळा. यंत्राची पाळी त्यानंतर.