छातीतली धडधड आणि पेल्यातली कॉफी

बेळगाव-धारवाडकडे तसा मान चहाचाच. पण म्हैसूर-चिक्कमगळूरकडची सून घरात आली की ओट्यावर स्टीलचा फिल्टर येतो आणि वर्षभरात सगळे घर डिकॉक्शनच्या वासाने जागे होऊ लागते. माझ्या भावाकडे हेच झाले. वहिनी चिक्कमगळूरच्या. बाबाबुदन यांनी येमेनहून आणलेल्या कॉफीच्या बिया ज्या डोंगरावर रुजल्या असे सांगतात, तो त्यांच्या माहेरचा डोंगर! त्यामुळे त्यांच्यासमोर कॉफीबद्दल वावगा शब्द काढायची सोय नाही.

भाची दुसऱ्या पीयूसीला होती तेव्हाची गोष्ट. परीक्षा महिन्यावर आलेली. एके दिवशी मला म्हणाली, ‘आत्या, छातीत नुसतं धडधडतंय. हात थरथरतो, पेनसुद्धा नीट धरवत नाही. वाचलेलं डोक्यात राहत नाही.’ आजीने मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. वहिनींना वाटले, अशक्तपणा आहे. भावाला वाटले, पोरगी परीक्षेला घाबरली. एक वर्ष फुकट जाते की काय, या धास्तीने घरात कोणी मोठ्याने बोलेना.

डॉक्टरांनी तपासले, ईसीजी काढला, तो व्यवस्थित होता. मग त्यांनी विचारले, ‘दिवसाला कॉफी किती?’ हिशेब निघाला तो असा : सकाळी एक, कॉलेजहून आल्यावर एक, रात्री नऊला, अकराला आणि शेवटची एक वाजता. पाच पेले!

आता हे कॅफिन शरीरात करते काय? दिवसभर आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते आपल्या जागी जाऊन बसले की पेंग येते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसे कॅफिन त्या जागा धरून ठेवते. ॲडेनोसिन बिचारे उभेच. थकवा गेलेला नसतो, फक्त कळत नाही. शिवाय ॲड्रेनालिन वाढते, म्हणून छाती धडधडते, हात कापतात, जीव उगाच घाबरा होतो. आणि कॅफिन उतरले की उभे असलेले सगळे एकदम जागेवर बसतात. मग डोळे मिटू लागतात आणि आपण पुन्हा फिल्टरकडे वळतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन नको, असे सांगितले आहे. १५० मिलिलिटरच्या कपात फिल्टर कॉफी असेल तर ८० ते १२०, इन्स्टंट कॉफी असेल तर ५० ते ६५ आणि चहा असेल तर ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. भाचीच्या एका पेल्यात शंभर धरले तरी पाचशे झाले. रंगावर मात्र जाऊ नका. चिकोरीने कॉफी काळी आणि कडू होते, पण चिकोरीत कॅफिन नसते. उलट रोबस्टा बियांत अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते.

पेल्यांइतकेच महत्त्व घड्याळाला. पोटात गेलेल्या कॅफिनचे निम्मे व्हायला सरासरी पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाला शंभर मिलिग्रॅम घेतले, तर रात्री अकराला पन्नास शिल्लकच. मग झोप लागली तरी गाढ लागत नाही. आणि वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेत! जागून वाचायचे आणि झोप घालवून विसरायचे, असा तो उलटा व्यवहार चालला होता.

थरथर सुरू झालीच तर काय करावे? पहिली गोष्ट, आणखी कॉफी नको. पाणी प्यायल्याने कॅफिन धुऊन निघत नाही, तरी पाणी प्यावे. पोट रिकामे असेल तर थोडे खावे. अंगणात चार फेऱ्या माराव्यात. श्वास सावकाश घेऊन त्याहून सावकाश सोडावा. थोड्या वेळाने आपोआप उतार पडतो. मात्र छातीत दुखले, चक्कर आली, धाप लागली किंवा ठोके चुकतात असे वाटले, तर कॉफीवर ढकलून घरी बसू नये, तडक डॉक्टरांकडे जावे.

एकदम बंदही करू नये. रोजची सवय तुटली की एका दिवसाच्या आत डोके ठणकू लागते. हरतालिकेला निर्जळी उपास करणाऱ्या बायकांचे डोके दुपारी चढते, त्याला आपण पित्त म्हणतो. त्यात चुकलेल्या चहाचाही वाटा असतो. म्हणून दर दोन-चार दिवसांनी डिकॉक्शन थोडे कमी, दूध थोडे जास्त. वहिनींनी तेच केले. दुपारी दोननंतर फिल्टर बंद. दोन आठवड्यांत भाचीचा हात स्थिर झाला, झोप परतली आणि परीक्षा वेळेवर दिली. सकाळची कॉफी आजही चालू आहे.

याच घरात माझा भाऊ रात्री जेवल्यावर कॉफी घेऊन घोरतो. मग एकाला बाधते आणि दुसऱ्याला का नाही? यकृत कॅफिन किती वेगाने मोडते, हे पुष्कळसे उपजत असते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत ते जवळजवळ दुप्पट वेळ टिकते, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर त्याहूनही जास्त. म्हणून युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली गरोदर बाईसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळीनंतर तासभर तरी कॉफी घेऊ नये, गोळी नीट लागू पडत नाही. चहा-कॉफी जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर टाळावी, नाहीतर अन्नातले लोह अंगी लागत नाही. आपल्याकडच्या बायकांनी तर हे लक्षात ठेवावेच.

म्हणून एक विनंती. हळदीकुंकवाला चार घरी जाऊन आलेली बाई पाचव्या घरी ‘नको हो’ किंवा ‘ब्याडरी’ म्हणाली, की आपण ‘स्वल्प कुडीरी’ म्हणत पेला हातात देतोच. तिने नाही म्हटले म्हणजे आपला मान राखला नाही, असे नव्हे. कुणी दिवसांत असेल, कुणाची गोळी चालू असेल, कुणाला रात्रभर डोळा लागत नसेल. हे सगळे तिने चारचौघींत सांगावे का? तिचे ‘साक्री’ एकदाच ऐकावे आणि ताकाचा पेला पुढे करावा. पाहुणचार तेवढाच होतो.